येलदरीच्या दावणीला घडीची बोट: प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर, परभणी

बोट बांधायची वही संपली. प्लायवूड, इपॉक्सी, पॉलिश पेपर आणि घरच्यांची बोलणी असा दोन वर्षांचा हिशेब तिच्यात आहे. ही दुसरी वही. बोट पाण्यात कशी ठेवायची, एवढ्यापुरतीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बोट ट्रायमरान आहे, म्हणजे मधे एक अरुंद होडी आणि दोन्ही अंगांना आडव्या हातांवर दोन बारीक फ्लोट, म्हणजे तोल धरणाऱ्या बाजूच्या बारक्या होड्या. लांबी साडेपाच मीटर. हात पसरले की रुंदी सव्वाचार मीटर, मिटले की दोन. डोलकाठी आणि शिडासकट वजन ३१० किलो; दुकानात ट्रॉल्या तोलायचा काटा आहे, त्यावर घेतलंय.

घडी फॅरियर पद्धतीची आहे. इयान फॅरियर हा न्यूझीलंडचा माणूस, २०१७ साली गेला. १९८५ साली बाजारात आलेल्या त्याच्या एफ-२७ बोटीमुळे ही घडी जगभर पोचली. प्रत्येक आडव्या हाताला मधल्या होडीजवळ वर-खाली दोन बिजागरी पट्ट्या असतात. बोल्ट काढला की हात उभा होत खाली-आत येतो आणि फ्लोट होडीच्या कुशीत जाऊन बसतो. फ्लोट स्वतःभोवती पाव वळण घेतो, त्यामुळे त्याची बाहेरची बाजू पाण्याकडे जाते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, डिसेंबरात लागेल.

समुद्र इथून चारशे किलोमीटर लांब, मग मराठवाड्यात शिडाची बोट कशाला, हे दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो. दाजी नौदलात पंधरा वर्षं काढून आलेत, ते फक्त हसतात. माझं उत्तर असं की घडी पडणारी बोट आपल्याकडेच जास्त कामाची. आपलं पाणी एका जागी राहत नाही. समुद्राला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, आपल्या धरणाला वर्षातून एकदा. पण ती ओहोटी अशी की जिथे बोट होती तिथे हरभरा उगवतो.

६ ऑक्टोबर, येलदरी

नाथसागर मोठा, वारा चांगला, पण तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. शिडाच्या सावलीने बदकं उठवत फिरणं मला पटत नाही, म्हणून येलदरी. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर. जिवंत साठा (वापरता येणारं पाणी) सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर. पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. तिथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि मग कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात. म्हणजे कुठल्या तरी गव्हाला पाणी मिळालं की आमच्या बोटीखालचं पाणी उतरणार.

लेखी परवानगीचा कागद खिशात, मच्छीमार सोसायटीच्या लोकांशी बोलणं झालेलं. जाळी कुठे लागतात, रात्री कोण कुठून जातं, हे त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात काहीही कायमचं टाकू नये. एका भोई मामांनी दिवसभर थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर फिरवलं. दोराला मीटरमीटरवर गाठी मारून खाली गवंड्याचा ओळंबा लावला, तेच आमचं खोली मोजायचं यंत्र. धरण भरलेलं आहे. काठापासून आत जाताना दर तीस पावलांना साधारण एक मीटर खोली वाढते. याचा उलटा अर्थ मामांनीच सांगितला: "एक मीटर पानी उतरलं की तीस पावलं जमीन उघडी पडती, सर. तुमची बोट तिथंच ऱ्हाती, काठ चालत येतो."

जुन्या बाभळींची खोडं कुठे बुडालीत तेही त्यांनी दाखवलं. तिथून दोनशे पावलं लांब, ११ मीटर खोलीची जागा नक्की केली.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस फसला. सविस्तर लिहितो, कारण चूक बारीक होती.

प्लास्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात काँक्रीट ओतलं होतं, वर जाड सळईचं कडं. २४० किलोचा ठोकळा. ट्रॉलीतून काठावर उतरवला आणि लोटत कमरेएवढ्या पाण्यात नेला. दोन चप्पू शेजारी शेजारी, त्यांच्यावर आडवं लाकूड, लाकडाला ठोकळा टांगलेला. कल्पना अशी की जागेवर नेऊन दोर कापायचा.

काठावर जमलेल्यांपैकी एकाने विचारलं, "सर, काय टाकायलाव?"

दाजी म्हणाले, "नांगर."

"पान्यात नांगर? मंग औत कुठंय?"

कोकणात नांगर म्हटलं की बोट थांबते, आमच्याकडे नांगर म्हटलं की बैल चालतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगेपर्यंत चप्पू सव्वाशे पावलं आत गेले होते. तेवढ्यात मागून 'डुबुक्' असा आवाज आला आणि दोन्ही चप्पू वीतभर वर उचलले गेले. ठोकळा गेला.

दोर तुटला नव्हता, गाठ सरकली होती. आम्ही वापरला होता निळा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. तो गुळगुळीत असतो आणि ओला झाल्यावर ठेवणीतल्या गाठीही त्याच्यात धरत नाहीत. शिवाय उन्हाने वर्षभरात त्याचा भुगा होतो. दाजींना हे माहीत होतं. "मला वाटलं तू नायलॉन आणलायस," म्हणाले. मला वाटलं होतं ते बघतील.

ठोकळा चार मीटर खोलीत पडला. तिथे तो निरुपयोगी. बाहेर काढायची सोय नाही. राहू दे.

१३ ऑक्टोबर

रात्री दाजींनी वहीत गणित मांडलं आणि ठोकळा गेला ते बरंच झालं असं निघालं.

काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो. पाण्यात बुडाल्यावर त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन वजा होतं, म्हणून २४० किलोचा ठोकळा तळाशी १४० किलोच भरतो. तोही आडव्या ओढीला पूर्ण धरत नाही; गाळात नीट रुतेपर्यंत निम्मंच धरायचं, म्हणजे ७०. आता वारा. बोट वाऱ्याकडे नाक करून उभी असेल तर वाऱ्याला सापडणारा भाग सुमारे दोन चौरस मीटर. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याला ओढ तीसेक किलोची. वारा ताशी ८० झाला की तीच सत्तरच्या वर, कारण वारा दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. आणि बोट आडवी झाली तर त्याच्याही तिप्पट.

म्हणून नवा ठोकळा अख्ख्या ड्रमचा. कोरडा ४८० किलो, पाण्यात २८०, आडव्या ओढीला धरून चाललो १४०. नाक वाऱ्याकडे राहिलं तर भागेल. आडवी झाली तर हाही घसरणार. म्हणजे सगळी मदार बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवण्यावर.

१९ ऑक्टोबर

दुसरा ठोकळा जागेवर बसला. या वेळी बुचं घट्ट लावलेले दोन रिकामे ड्रम दोन्ही बाजूंना बांधले, ४०० लिटरची तरंग. नायलॉनचा दोर, गाठीऐवजी शॅकल (पिनेने बंद होणारं लोखंडी कडं), आणि सोडण्यासाठी एकच पातळ दोरी, ती कोयत्याने कापली. मामांनी ओळंबा टाकला: ११ मीटर आणि वीतभर.

२० ऑक्टोबर

ठोकळ्याच्या कड्याला आठ मीटर जड साखळी, ट्रॅक्टरच्या दुकानातली. साखळीच्या टोकाला फिरकी, तिला १८ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर, आणि वर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. साखळी तळाशी लोळत राहते. झटका आला की आधी ती उचलली जाते आणि मग दोर ताणतो. नायलॉन ताण खातो, म्हणून तोच. फिरकी नसेल तर बोट वाऱ्याबरोबर गोल फिरत दोराला पीळ घालते. चारा कुट्टीजवळ खुंट्याला बांधलेली म्हैस दिवसभरात दाव्याची काय गत करते ते आठवा.

प्रत्येक शॅकलची पिन तारेने बांधली. दोर जिथे जिथे घासेल तिथे बागेच्या हिरव्या पाइपाचे तुकडे चढवले.

२ नोव्हेंबर

बोट पाण्यात.

पण त्याआधी अर्धा तास माझे हातपाय थंड पडले होते, तेच आधी लिहितो. धरणकाठी शेतकऱ्यांच्या उपशाच्या मोटारी आहेत आणि त्यांच्या तारा खांबाखांबांत झोळ पडून लोंबतात. भाच्याने ट्रेलर उताराला लावला आणि उत्साहात तिथेच डोलकाठी उभी करायला घेतली. काठी अॅल्युमिनियमची, सात मीटर. वर बघितलं तर तार. काठी अर्धी उठली होती. दाजी ओरडले तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ट्रेलरवरून नेतात त्या शिडाच्या बोटींना विजेच्या तारेचा मोठा धोका असतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही वर बघायचं राहिलं. आता ट्रेलरच्या हँडलवर लाल रंगाने दोनच शब्द लिहिलेत: वर बघ. आणि काठी कुठे उभी करायची ती जागा आदल्या दिवशी पायी फिरून ठरवायची.

पुढचं सुरळीत. बोट मिटलेली असताना ट्रेलरवरून उतरवली, गुडघाभर पाण्यात धरली, एकेका बाजूचा हात दाबत बाहेर ढकलला. फ्लोट पाण्याला टेकला की पाणीच त्याला उचलून जागेवर आणतं, दहा वर्षांचं पोरही उघडेल. मग चार बोल्ट. चारही पान्याने कसायचे, बोटाने लावून पुढे जायचं नाही.

९ नोव्हेंबर

दावणीला बांधलेली बोट कशी वागते हे बघायला काठावर खुर्ची टाकून तीन तास बसलो. बायकोने डबा पाठवला होता त्यामुळे काही बिघडलं नाही.

पहिला तास मधल्या होडीच्या नाकाला एकच दोर. बोट हलकी, वर डोलकाठी, खाली पाण्यात जवळपास काहीच नाही. वारा जेमतेम पंधरा-वीसचा, तरी ती डावीकडे पळायची, दोर ताणला की गपकन वळायची, उजवीकडे पळायची. प्रत्येक वळणाला क्षणभर आडवी. गणितातलं ते तिप्पट इथे डोळ्यांनी दिसलं.

मग ब्रायडल लावला. दोन्ही फ्लोटच्या नाकांपासून चार-चार मीटरचे दोर, पुढे एका कड्यात मिळालेले, आणि कडं बोयाच्या दोराला. बोट उजवीकडे वळायला लागली की डावा दोर ढिला पडतो, उजवा ताणतो आणि नाक परत सरळ येतं. भाच्याला एका वाक्यात सांगितलं: बैलजोडीचा कासरा. त्यानंतर बोट वाऱ्यात अशी उभी राहिली की मला झोप लागली. रुंद बोटीचा हा फायदा एकाच होडीच्या बोटीला मिळत नाही. तिला नाकंच एक.

तिसरा दोर मधल्या होडीच्या नाकापासून, जरा ढिला. दोघांपैकी एक तुटला तर असावा म्हणून.

१६ नोव्हेंबर

शिडावर येऊन बोया पकडण्याचा सराव. सात प्रयत्न, तीनदा जमलं.

जड बोट वाऱ्याकडे वळवली की आपल्या वजनाने पुढे सरकत राहते. ट्रायमरान वळवली की चार हात अंतरातच गचकन थांबते आणि मग मागे जायला लागते. म्हणून बोयाच्या खूप अलीकडे वळून चालत नाही. वारा आडवा घेत वेगात यायचं, बोया अगदी जवळ आल्यावर नाक वाऱ्यात घालायचं, शीड फडफडू द्यायचं. चुकलं तर ओढाताण न करता वाऱ्याबरोबर खाली निघून जायचं आणि पुन्हा यायचं.

दोनदा बोया मधली होडी आणि फ्लोट यांच्या मधे शिरला. वर हातांमधे ताणलेली जाळी, खाली बोया, आणि बोयाचा दोर मधल्या होडीखालच्या पाटीला (बोट बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात सोडलेली फळी) अडकलेला. बोट आता मागून बांधलेली आणि वारा शिडात. पाटी वर ओढली तेव्हा सुटलो. आता आकडी घेऊन भाचा होडीच्या अगदी नाकावर बसतो, आणि ब्रायडलचं कडं आधीच बोयाला लावून ठेवलेलं असतं. त्याची टोकंच उचलायची.

२३ नोव्हेंबर

पाण्यात असताना मागच्या उजव्या हातातून टकटक. लाट आली की टक, गेली की टक. दाजी म्हणाले शिडाच्या चाकात असेल. मी कान लावला. बोल्ट पाव फेरा सुटला होता.

तसं लगेच काही होत नाही. वाऱ्याखालचा, म्हणजे वारा लोटतो त्या बाजूचा फ्लोट पाण्याने वर दाबलेला असतो, तो मिटत नाही. पण तो हात वाऱ्याकडच्या बाजूला आला, फ्लोट पाण्याबाहेर लटकला आणि सगळा भार बोल्टवर आला, म्हणजे मग परीक्षा. घरी आल्यावर भाचीची लाल नेलपॉलिश घेतली. बोल्ट पूर्ण कसला की त्याच्या डोक्यावरून हातावर एक सरळ रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. लांबूनही दिसतं, पाना लागत नाही. नेलपॉलिशची बाटली भरून द्यावी लागली, वेगळी छटा चालली नाही.

१४ डिसेंबर

लग्नाच्या गडबडीत बोट बारा दिवस मिटून दावणीला होती. जागा कमी लागते म्हणून मीच तसं ठेवलं. आज उघडली तर दोन्ही फ्लोटच्या बाहेरच्या पांढऱ्या अंगावर हिरवट, चिकट शेवाळाचा हातभर पट्टा. मिटल्यावर तीच बाजू पाण्यात असते. समुद्रात तिथे शिंपलेही धरले असते, आपलं गोडं पाणी म्हणून शेवाळावर भागलं. घासायला अख्खी दुपार.

शेवाळ तरी घासून जातं. मिटलेली बोट अरुंद असते आणि वर सात मीटरची काठी. मच्छीमारांची इंजिनाची होडी जवळून गेली तर कशी डुलते ते बघितलं आणि ठरवलं: दावणीला ठेवायची तर उघडी, मिटायची तर ट्रेलरवर. अधलंमधलं नाही.

११ जानेवारी

रब्बीचं आवर्तन चालू. ओळंबा: साडेआठ मीटर.

सगळ्यांना वाटतं पाणी कमी झालं की बोट जास्त लांब फिरेल. तसं फार होत नाही. साखळी आणि दोर मिळून आमची लांबी ३० मीटर. ११ मीटर खोलीत फिरण्याचा घेर २८ मीटरचा, पाच मीटरलाही तो तिसाच्या आतच. त्रास ढिल्या दोराचा. पहाटे वारा पडला की बोट ठोकळ्यावर येऊन उभी राहते, उरलेला दोर खाली वेटोळं घालून बसतो आणि बोट फिरली की सुकाणूला गुंडाळतो. आज तसंच झालं होतं. कडाक्याच्या थंडीत भाचा उतरला, मी चहा धरून उभा.

उपाय: पाटी आणि सुकाणू दोन्ही वर उचलून ठेवायचं, आणि दर मीटर उतरलेल्या पाण्यामागे दोर तीन मीटर आखूड करायचा. दोराला रंगाच्या खुणा केल्या.

आणि काठ. मामा म्हणाले होते तसाच तो चालत येतोय. ऑक्टोबरात ठोकळा काठापासून तीनशेवर पावलं होता. आज अडीचशे. बुडालेल्या बाभळींपैकी एकीची फांदी वर आली आहे, तिच्यावर पाणकावळा पंख वाळवत बसतो.

१५ फेब्रुवारी

काही नाही. वारा नाही. बोया धुतला.

२२ मार्च

आज बोट घालवलीच होती.

दुपारनंतर आभाळ पश्चिमेकडून काळवंडलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप फोनवर आहे, त्याने विजांचा इशारा दिला. पाण्यात अॅल्युमिनियमची काठी घेऊन बसण्याची ही वेळ नव्हे, म्हणून बोट काठाला आणली. इथपर्यंत बरोबर. मग मी म्हणालो, वारा यायच्या आत मिटून ट्रेलरवर घेऊ. इथे चुकलो.

डावी बाजू काठाकडे होती, हाताशी होती, म्हणून ती आधी मिटली. वारा उजवीकडून येणार होता हे मनात आलंच नाही. तात्पुरते तणावे लावायचे राहिले. नेहमीचे तणावे फ्लोटला असतात. फ्लोट मिटला की ते ढिले पडतात आणि काठीला कुणी धरत नाही, म्हणून मिटण्याआधी मधल्या होडीपासून दोन दोर काठीला लावायचे असतात. एवढं पाठ असलेलं काम.

धुळीची भिंत आली. उजवा, उघडा फ्लोट पाण्याबाहेर उचलला, जाळीखाली वारा शिरला, आणि ज्या बाजूला आधार द्यायला फ्लोटच नव्हता त्या बाजूला बोट कलंडायला लागली. काठी भेलकांडली. भाचा उचललेल्या फ्लोटवर पोटावर पडला, म्हणून तो खाली आला. दाजी छातीभर पाण्यात शिरून नाकाचा दोर ओढत होते: "नाक वाऱ्यात घाल! मिटू नको, उघड!" मी डाव्या हाताला खांदा लावला. फ्लोट बाहेर गेला, एक बोल्ट बसला, दुसरा बसेना. एकावर भागलं. नाक वाऱ्याकडे वळलं तशी बोट एकदम शहाण्यासारखी उभी राहिली.

मग तिला तशीच काठाच्या खुंटाला बांधून आम्ही पळालो. मागे कडाडलं. वीस मिनिटांत सुपारीएवढ्या गारा पडून गेल्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर घड्याळ लावून अर्धा तास गाडीतच बसलो. कुणी बोललं नाही. दाजींच्या हाताला दोराने भाजल्यासारखा वळ.

ट्रायमरान एकदा उलटली की हाताने सरळ होत नाही. पसरलेल्या बोटीचा रुंदपणा उलटं पडल्यावरही तितकाच पक्का असतो. क्रेन लागली असती, आणि क्रेन त्या गाळापर्यंत पोचली नसती.

रात्री लिहून भिंतीला लावलं, दुकानातल्या लायसन्सशेजारी. मिटायचं ते सकाळी नऊच्या आत, वारा नसताना. आधी तात्पुरते तणावे. नाक वाऱ्याकडे बांधलेलं. वाऱ्याकडची बाजू आधी मिटायची, वाऱ्याखालची शेवटी, कारण वारा ज्या बाजूला लोटतो तिथला फ्लोट हवाच. एक बाजू मिटली की दुसरी लगेच. अर्धी मिटलेली बोट सोडून तंबाखू मळायला जायचं नाही. (हे वाक्य भाच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.) आणि वादळ दिसत असेल तर मिटायचंच नाही. उघडी, ब्रायडलवर, माणसं काठावर.

१२ एप्रिल

वळवाचे दिवस. आता दावणीला ठेवणं म्हणजे रोज संध्याकाळी परभणीतून आभाळाकडे बघत बसणं, म्हणून बोट काढली. सकाळी साडेसातला, पाणी आरशासारखं. तणावे, मग मिटणं, दोन्ही बाजूंना मिळून चार मिनिटं. ओळंबा पाच मीटर. बोयाचा दोर खालून मोकळा केला, साखळी तिथेच राहू दिली, तिला पातळ दोरी आणि एक रिकामी बाटली बांधून ठेवली. जूननंतर बघू.

ट्रेलर वर ओढून आणताना जुन्या काठाकडून वाट होती. ऑक्टोबरात जिथे चार मीटर पाणी होतं तिथे आता गाळपेर. टरबुजाचे वेल हातभर पसरलेत, मुठीएवढी फळं धरलीत. आणि वेलांच्या मधोमध आमचा पहिला ठोकळा. निम्मा गाळात, कडं वर, काँक्रीटवर वाळलेल्या शेवाळाची पांढरी रेघ. नांगरताना त्याला वळसा घालून तास काढलेले स्पष्ट दिसत होते. कड्याला दावं, दाव्याला एक काळी शेळी.

मालक बांधावरच होते. मी म्हणालो, "हा ठोकळा आमचा आहे."

"तुमचाय का? म्या म्हनलं कुन्या सरकारी कामाचा आसंल, हात लावला न्हाई."

"ट्रॉली आहे सोबत. घेऊन जाऊ का?"

त्यांनी वेलांकडे पाहिलं, ट्रॉलीच्या चाकांकडे पाहिलं, मग शेळीकडे.

"टरबूज निघू द्या सर. मंग न्या."